रिमोट एकाचा, यंत्र दुसऱ्याचे

व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरायची जी वस्तू असते, तिला आमच्या वाशीम जिल्ह्यात आजही 'रिमोट' म्हणतात. कंपन्या तिला कंट्रोलर किंवा गेमपॅड म्हणतात, शहरातली मुले सरसकट जॉयस्टिक म्हणतात. शब्दार्थाने पाहिले तर रिमोट हे नाव बरोबर नाही. रिमोट म्हणजे लांबून चालणारा, आणि ही वस्तू आमच्याकडे आली तेव्हा तिची वायर इतकी आखूड होती की पोरे टीव्हीला नाक लावूनच बसत. तरीही या लेखात मी रिमोटच म्हणणार आहे. 'नियंत्रक' म्हटले की मला विद्यापीठाचे परीक्षा नियंत्रक आठवतात, आणि त्यांच्या हातात आणखी बटणे देण्याची माझी इच्छा नाही.

मी आसेगावात जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रे जमवतो, उघडतो आणि त्यांच्या आत काय चालते ते वहीत लिहून ठेवतो. त्यामुळे गेली वीसेक वर्षे एक प्रश्न माझ्या दारात येत राहिला आहे : "काका, हे रिमोट कम्प्युटरले लागते काय?" म्हणजे असे की, टीव्हीला जोडून फक्त गेम खेळण्यासाठी बनवलेले जे यंत्र असते, ज्याला कन्सोल म्हणतात, त्याचा रिमोट घरच्या कॉम्प्युटरवर चालेल का? उत्तर बहुतेक वेळा 'हो' असते. पण हे 'हो' आपोआप आलेले नाही. ते कुणी आणले, याची ही हकिकत.

आधी रिमोटच्या आत काय असते ते पाहू. अधिकचिन्हाच्या आकाराचे जे बटण डाव्या अंगठ्याखाली येते, ते निन्टेन्डो या जपानी कंपनीतल्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली 'डाँकी काँग' या हातात धरायच्या छोट्या खेळासाठी काढले. त्यापूर्वी दांडा असे. पुढच्याच वर्षी, १९८३ च्या जुलैत, जपानात निन्टेन्डोचा फॅमिकॉम बाजारात आला आणि त्याच्या रिमोटवर हेच बटण होते. शिवाय ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट. चार दिशा आणि ही चार, एकूण आठ बटणे.

आठ बटणांसाठी आठ वायरी लागतील असे वाटते, पण लागतात पाच. त्यांतल्या दोन विजेच्या. उरलेल्या तिनांचे काम शाळेच्या हजेरीसारखे आहे. पहिल्या वायरीवरून कन्सोल सांगते, 'जसे आहात तसे थांबा.' त्या क्षणी कोणते बटण दाबलेले आहे आणि कोणते नाही, ते रिमोटमधली ४०२१ क्रमांकाची चिप धरून ठेवते. दुसऱ्या वायरीवरून कन्सोल एकेक ठोका देते, म्हणजे गुरुजी पुढचा पट क्रमांक पुकारतात. तिसऱ्या वायरीवरून उत्तर येते : हजर किंवा गैरहजर. क्रम ठरलेला असतो. ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, मग वर, खाली, डावे, उजवे. ही हजेरी सेकंदाला पन्नास-साठ वेळा घेतली जाते, आणि खेळणाऱ्याला वाटते की मारिओ आपण उडी मारायला लावली म्हणून उडाला.

भारतात निन्टेन्डोचे हे यंत्र 'समुराई' या नावाने विकले गेले, पण खेड्यापाड्यांत पोचल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी तासावर पैसे घेऊन जे गेम खेळायला मिळत, ते बहुतेक याच नकलांवर. खोक्यावर नाव काहीही असो, काडतुसावर '९९९९९९९ इन १' असे अशक्य आकडे छापलेले असोत, आतली हजेरी तीच. ४०२१ चिपच्या जागी फक्त काळ्या डांबरासारखा एक ठिपका असे.

या नकली रिमोटचे प्लग बहुधा नऊ पिनांचे असत. त्या काळच्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे माऊस किंवा मोडेम लावण्यासाठी जे सिरियल पोर्ट असे, तेही नऊ पिनांचे. रिमोटचा प्लग त्यात बसतो. अगदी घट्ट बसतो. आणि काहीही होत नाही. झालेच तर नुकसान होते, कारण सिरियल पोर्टच्या वायरीवर उणे बारा ते अधिक बारा व्होल्टपर्यंत वीज खेळते आणि रिमोटची चिप पाच व्होल्टवर जगणारी. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे आधी सांगत असे : प्लग बसला म्हणजे बोलणे झाले असे नाही.

आता कॉम्प्युटरला खेळासाठी स्वतःचे दार नव्हते असे नाही. आयबीएमने १९८१ सालीच पंधरा पिनांचे गेमपोर्ट काढले होते. पण ते दांड्यासाठी होते. दांडा जितका कलेल तितका आतला रेझिस्टन्स बदलायचा, आणि कॉम्प्युटर एक छोटा कंडेन्सर भरायला किती वेळ लागतो ते मोजत बसायचा. फॅमिकॉमच्या हजेरीचा या मोजणीशी काही संबंध नव्हता.

मग लोकांनी प्रिंटरचे दार उघडले. प्रिंटर लावायच्या पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टमधून कॉम्प्युटर आठ वायरींवर बाहेर संकेत पाठवू शकतो आणि पाच वायरींवर आत घेऊ शकतो. म्हणजे दोन वायरी हजेरी पुकारायला आणि एक उत्तर ऐकायला वापरली की झाले. उत्तराच्या वायरी पाच, म्हणून एका पोर्टला पाच रिमोट लागू शकतात. रिमोटला वीज कुठून द्यायची? उरलेल्या वायरी चालू ठेवून, प्रत्येकीत एकेक डायोड घालून, त्यांतूनच. चिप इतकी कमी वीज खाते की तेवढी पुरते. विंडोज ९५ आणि ९८ साठी बेंजी यॉर्क यांनी 'डायरेक्टपॅड प्रो' नावाचा प्रोग्राम लिहिला. लिनक्ससाठी व्होइटेख पाव्लिक या झेक प्रोग्रामरने 'गेमकॉन' लिहिला, आणि कोणती पिन कुठे जोडायची ते सोबतच्या कागदपत्रात आकृतीसह मांडून ठेवले. मी ते कागद छापून घेतले, मोडक्या रिमोटची वायर कापली आणि पाच डायोड डकवून अख्खी दुपार लावली. लोडशेडिंगचे वेळापत्रक पाहून बसावे लागे, नाहीतर सोल्डरिंगची इस्त्री मधेच थंड व्हायची. अकोल्याहून आणलेल्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर तो रिमोट पुढे कित्येक वर्षे चालला.

या साऱ्यात कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचा काही वाटा नव्हता. तिने मदत केली नाही आणि अडवलेही नाही. आठ बटणांच्या हजेरीत लपवण्यासारखे काही नव्हतेच.

१९९६ साली यूएसबी आले आणि सगळे सोपे होणार असे वाटले. यूएसबीचा रिमोट जोडताक्षणी स्वतःची ओळख सांगतो : मी खेळाचे साधन आहे, मला बारा बटणे आहेत, दोन दांडे आहेत. वेगळा प्रोग्राम लागत नाही. पण ही ओळख आपल्या सातबाऱ्यासारखी आहे. त्यावर क्षेत्र किती ते असते, धुरा कुठून कुठे जातो ते शेतात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पहिले बटण, दुसरे बटण, तिसरे बटण एवढेच रिमोट सांगतो. पहिले बटण म्हणजे उडी की गोळी, ते खाली आहे की उजवीकडे, हे सांगत नाही. प्रत्येक कारखान्याने आकडे आपल्या मर्जीने लावले.

मायक्रोसॉफ्टने यावर तोडगा काढला तो आपल्या सोयीचा. २००१ सालचा त्यांचा पहिला एक्सबॉक्स पाहण्यासारखा आहे. त्याच्या रिमोटच्या वायरीत वाहतात ते संकेत यूएसबीचेच, पण टोकाचा प्लग मुद्दाम वेगळ्या आकाराचा. प्लग कापून साधा यूएसबी लावला की कॉम्प्युटर त्याच्याशी बोलू लागतो. अडवणूक किती पातळ असू शकते याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेले नाही. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० ला मात्र सरळ यूएसबी प्लग दिला, आणि कॉम्प्युटरसाठी 'एक्सइनपुट' नावाची नवी पद्धत आणली. तिच्यात कोणते बटण कुठे हे कायमचे ठरले. गेम लिहिणाऱ्यांना हायसे वाटले. त्यांनी त्या एका रिमोटसाठी गेम लिहिले, आणि बाकी सगळे रिमोट परके झाले.

सोनीच्या प्लेस्टेशन ३ चा रिमोट तर यूएसबीने जोडला तरी गप्प बसे. कन्सोलकडून एक विशिष्ट संदेश गेल्याखेरीज तो बटणांची खबर देत नसे. लोकांनी तो संदेश शोधून काढला. पुढे प्लेस्टेशन ४ च्या रिमोटसाठी 'डीएसफोरविंडोज' आला. हा प्रोग्राम सोनीच्या रिमोटचे म्हणणे ऐकतो आणि गेमला सांगतो की हा एक्सबॉक्सचा रिमोट आहे. दुभाषाच म्हणा, थोडा खोटारडा दुभाषा. २०१६ च्या डिसेंबरात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने हेच काम आपल्या अंगावर घेतले, आणि २०२१ साली सोनीने स्वतः लिहिलेला प्रोग्राम लिनक्समध्ये दाखल झाला. पंधरा वर्षे परक्यांनी केलेले काम मग घरच्यांनी उचलले.

मला या सगळ्यांपेक्षा एका यादीचे मोल अधिक वाटते. एसडीएल नावाची एक फुकट प्रोग्रामपेटी आहे, असंख्य गेम ती वापरतात. तिच्यासोबत रिमोटांची एक यादी असते : एका रिमोटला एक ओळ. त्या ओळीत रिमोटची ओळख, आणि मग कोणता आकडा कोणत्या जागेचा ते. या ओळी जगभरच्या लोकांनी आपापला रिमोट हातात घेऊन, एकेक बटण दाबून भरल्या आहेत. तरी आपल्या बाजारातला तीन-चारशे रुपयांचा रिमोट तिथेही घोळ घालतो. खोक्यावर वेगवेगळी नावे असलेले कित्येक रिमोट आतून 'ड्रॅगनराइज, ००७९, ०००६' अशी एकच ओळख सांगतात, आणि प्रत्येकाची बटणे निराळी. एकाच नावाची दोन माणसे मतदारयादीत असावीत तसे.

बटणांच्या नावांचीही गंमत आहे. निन्टेन्डोचे ए उजवीकडे, एक्सबॉक्सचे ए खाली. प्लेस्टेशनवर जपानात वर्तुळ म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार होता, इकडे फुली म्हणजे होकार. २०२० च्या प्लेस्टेशन ५ पासून जपान्यांनाही फुलीलाच होकार म्हणावे लागले. एसडीएलच्या नव्या आवृत्तीत शेवटी अक्षरे सोडून दिशा घेतल्या : दक्षिणेचे बटण, पूर्वेचे बटण. शेताच्या चतुःसीमा लिहिणाऱ्या तलाठ्याला हे आधीच सुचले असते.

हे सगळे पोरखेळाचे वाटत असेल तर आमच्या गावातला एक तरुण सांगतो. सोयाबीनच्या मळणीत थ्रेशरमध्ये त्याच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. वय तेव्हा बावीस. घरी कॉम्प्युटर होता आणि त्यावर २००६ साली निघालेला 'क्रिकेट ०७', जो आपल्याकडची पोरे अजून खेळतात. कीबोर्डवर एका हाताने दिशा आणि दुसऱ्याने फटका, म्हणजे खेळ संपला. त्याची आई म्हणाली, "दिवसभर भिंतीकडे पाहत राह्यते."

अशांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ साली वेगळा रिमोट काढला आहे. त्याला ३.५ मिलिमीटरची एकोणीस भोके आहेत, आणि प्रत्येकात हवे ते मोठे बटण लावून ते कोपराने, पायाने, हनुवटीने दाबता येते. सोनीनेही २०२३ च्या डिसेंबरात तसा एक आणला. कल्पना उत्तम आहे, पण किंमत शंभर डॉलरच्या आसपास, आणि बटणे वेगळी घ्यायची.

आम्ही वर सांगितलेला ड्रॅगनराइज ओळखीचा रिमोट उघडला. प्रत्येक बटणाखाली तांब्याच्या दोन रेषा असतात. रबरी बटण दाबले की त्याखालचा काळा तुकडा त्या रेषा जोडतो, बाकी काही नाही. त्या दोन रेषांवर दोन वायरी डकवल्या आणि बाहेर कुठेही स्विच लावला, तर रिमोटला फरक कळत नाही. प्लायच्या फळीवर सहा मोठे स्विच बसवले. दिशा डाव्या हाताला ठेवल्या. फटके उजव्या तळहाताने आणि मनगटाने दाबता येतील एवढ्या अंतरावर, आणि धाव घेण्याचा स्विच जमिनीवर, पायाखाली. मग 'जॉयटूकी' या जपानी प्रोग्रामने प्रत्येक स्विचला कीबोर्डची एकेक कळ नेमून दिली. गेमला वाटते कुणीतरी कीबोर्डच दाबतो आहे. तळहाताचा स्विच तीनदा हलवावा लागला, कारण जखम भरली तशी हात टेकण्याची जागा बदलली.

पुढे त्याने पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' मागवला. २०२० साली हा गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग कॉम्प्युटरवर आला. त्यासाठी फळीवर आणखी चार स्विच वाढवावे लागले.

याच फळीला कन्सोलवर जागा नाही. नव्या कन्सोलांना समोरच्या रिमोटकडून ओळखीचा पुरावा लागतो आणि तो चिपमध्ये कोंडलेला असतो. २०२३ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने परवाना नसलेली साधने एक्सबॉक्सवर बंद करायला घेतली, तेव्हा फसवणूक रोखणे हे कारण पुढे आले. कारण खोटे नसेलही. पण त्या दिवसांत अपंग खेळाडूंनी विचारले की परवानावाल्यांच्या यादीत नसलेल्या जोडण्यांवर खेळणाऱ्या आमचे काय? मला त्या प्रश्नात वजन दिसते. फसवणूक करणाऱ्याचे साधन आणि चार बोटे नसलेल्याचे साधन वायरीवरून पाहिले तर सारखेच दिसते. कॉम्प्युटर तेवढा पुरावा मागत नाही. कोण आहेस हे तो विचारतो, पण कुणी पाठवले ते विचारत नाही.

त्या तरुणाच्या फळीची ओळ आम्ही आता तयार केली आहे. दहा स्विच, दहा आकडे, एकच ओळ. त्यातले पायाचे बटण सोडले तर सगळी नेमणूक त्याने स्वतः केली, आणि दिवाळीनंतर शेजारच्या गावातल्या एकासाठी दुसरी फळी करायची म्हणून प्लाय कापून ठेवले आहे. त्या माणसाचा डावा हात गेला आहे, म्हणून दिशा उजवीकडे घ्याव्या लागतील.