क्षमा केली, पण जखमेचे काय? सिएरा लिओनमधील शांतिकार्याचे मूल्यमापन

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन हा देश क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम पावपट आहे. २३ मार्च १९९१ रोजी लायबेरियाच्या सीमेवरून बंडखोर कैलाहुन जिल्ह्यात शिरले आणि तेथे पेटलेले यादवी युद्ध जानेवारी २००२ पर्यंत धुमसत राहिले. सुमारे पन्नास हजार माणसे प्राणास मुकली. कोवळ्या मुलांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या आणि हजारो निरपराध स्त्री-पुरुषांचे हातपाय तोडण्यात आले. जानेवारी १९९९ मध्ये राजधानी फ्रीटाउनवर हल्ला झाला, तेव्हा आर्चबिशप जोसेफ गांडा यांचे अपहरण झाले आणि मदर तेरेसांच्या संस्थेतील काही धर्मभगिनींना प्राण गमवावे लागले. भारताचाही या देशाशी संबंध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती मेजर जनरल विजय जेटली हे भारतीय होते, आणि कैलाहुन येथे वेढ्यात अडकलेल्या शांतिसैनिकांची जुलै २००० मध्ये भारतीय जवानांच्या पुढाकाराने सुटका झाली.

बंदुका शांत झाल्या, पण खरा प्रश्न त्यानंतरच उभा राहिला. ज्याचा हात तोडला गेला तो आणि ज्याने तोडला तो, असे दोघेही अनेकदा एकाच गावचे रहिवासी. १९९९ च्या लोमे करारान्वये लढणाऱ्यांना सार्वत्रिक माफी मिळाली होती. पुढे स्थापन झालेल्या विशेष न्यायालयाने केवळ प्रमुख सूत्रधारांवर, तेरा जणांवर, आरोप ठेवले. मेथडिस्ट बिशप जोसेफ हम्पर यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि समेट आयोगाने २००४ मध्ये आपला अहवाल दिला. परंतु आयोगाच्या सुनावण्या बहुतांशी जिल्ह्याच्या ठिकाणी झाल्या. आडगावातल्या माणसापर्यंत त्या कितीशा पोहोचणार?

हे अंतर भरून काढण्यासाठी परदेशी निधीच्या आधाराने अनेक उपक्रम सुरू झाले. अशा उपक्रमांचे अहवाल आपल्यालाही परिचित असतात: इतक्या सभा झाल्या, इतकी माणसे उपस्थित राहिली, इतक्या महिलांनी प्रशिक्षण घेतले. उपस्थितीपट हा मात्र फलिताचा पुरावा नव्हे. गावात सलोखा वाढला असेल, पण तो उपक्रमामुळे वाढला की नुसता काळ लोटल्यामुळे, हे उपस्थितीवरून कसे कळावे?

यावर संशोधकांनी योजलेला उपाय साधा आहे. निधी सर्व गावांना पुरणारा नसतोच. मग लाभ कोणत्या गावाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे आणि काही काळाने दोन्ही प्रकारच्या गावांची तुलना करायची. वशिल्यापेक्षा ही रीत न्याय्य आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'गोबिफो' हा असाच एक उपक्रम. क्रिओ भाषेत या शब्दाचा अर्थ 'पुढे चला'. बोंबाली आणि बोंथे या जिल्ह्यांतील २३६ गावांपैकी निम्म्या गावांना अनुदान देण्यात आले. त्याचा विनियोग गावसभेने ठरवावा आणि त्यात स्त्रिया व तरुण यांचा आवाज असावा, अशी अट होती. कॅथरीन केसी, रेचल ग्लेनर्स्टर आणि एडवर्ड मिगेल यांनी काय तपासायचे ते आरंभीच, २००५ मध्ये, लिहून ठेवले. ही शिस्त फार मोलाची, कारण निकाल हाती आल्यावर सोयीचे तेवढेच निवडण्याचा मोह कोणाला होत नाही? २००९ मध्ये त्यांनी नुसते प्रश्न न विचारता सर्व गावांना एक लहानशी भेट देऊ केली: मीठ हवे की विजेरीचे सेल, हे गावाने ठरवावे. ठरवताना कोण बोलले, स्त्रियांनी मत मांडले का, याचे निरीक्षण करण्यात आले. निष्कर्ष असा, की अनुदान मिळालेल्या गावांत सार्वजनिक सोयी निश्चित सुधारल्या. परंतु निर्णय घेण्याच्या पद्धतीत फरक पडला नाही. ज्यांचे पूर्वी चालत होते, त्यांचेच पुढेही चालत राहिले. अर्थात पिढ्यान्‌पिढ्यांची रीत तीन-चार वर्षांत बदलेल ही अपेक्षाच अवाजवी होती, असेही म्हणता येईल.

दुसरा उपक्रम अधिक अंतर्मुख करणारा आहे. मानवाधिकार कार्यकर्ते जॉन कॉकर यांनी 'फंबुल टॉक', म्हणजे 'कुटुंबातील बोलणे', ही चळवळ उभारली आणि २००८ मध्ये कैलाहुनपासूनच तिच्या मेळाव्यांचा आरंभ झाला. संध्याकाळी गावाच्या मध्यभागी मोठी शेकोटी पेटवली जाते. पीडित माणूस सर्वांसमक्ष आपली कहाणी सांगतो, अपराधी पुढे येऊन कबुली देतो व क्षमा मागतो. दुसऱ्या दिवशी पूर्वजांचे स्मरण करून पारंपरिक विधी होतात. कबुलीजबाबाच्या जाळीआड जे केवळ धर्मगुरूच्या कानी पडते, ते येथे सबंध गाव ऐकते.

याकोबस सिलिअर्स, ओइंद्रिला दुबे आणि बिलाल सिद्दीकी यांनी दोनशे गावांत या उपक्रमाचे मूल्यमापन केले. ते २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मेळावा झालेल्या गावांत क्षमाशीलता वाढली, मैत्रीचे संबंध विस्तारले, लोक सार्वजनिक कामांना अधिक हातभार लावू लागले. मात्र त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि युद्धाच्या भयाण आठवणींचा त्रासही वाढला. नऊ महिन्यांनी पाहणी झाली तेव्हा हे आढळले आणि एकतीस महिन्यांनंतरही ते तसेच होते. गाव जुळले, माणूस आतून मोडला.

या निष्कर्षावरून कोणी समेटाचे प्रयत्नच निरर्थक ठरवील, तर ते चूक होईल. संशोधकांनीही तसे म्हटलेले नाही. बोलल्याने मन मोकळे होते, हे आपण गृहीत धरून चालतो. परंतु भर गावात एकदा जखम उघडी करायची आणि पाहुणे परतल्यावर त्या माणसाला तिच्यासह एकटे सोडायचे, यात मोकळेपणा कसला? समेटाचा लाभ साऱ्या गावाने घ्यायचा आणि त्याची किंमत ज्याने त्याने आपल्या काळजात मोजायची, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. नुसती उपस्थिती मोजली असती, तर हे कधी उघडकीस आले नसते.

अशा मेळाव्यांची रचना मनावरील हा ताण लक्षात घेऊन व्हावी, त्यांना समुपदेशनाची जोड असावी, असे या अभ्यासातून सूचित होते. सूचना रास्तच आहे. परंतु युद्धानंतर अनेक वर्षे या देशात मानसोपचारतज्ज्ञ जवळजवळ एकच होता, आणि मनोरुग्णांसाठीचे रुग्णालय फ्रीटाउनमध्ये, कैलाहुनपासून पार देशाच्या दुसऱ्या टोकाला.