मागचा ब्रेक आणि अर्धा घन सेंटिमीटर हवा

इटलीतल्या बोलोन्या शहराच्या बोर्गो पानिगाले भागात डुकाटीचा कारखाना आहे. या कंपनीने २०१० साली बाजारात आणलेल्या मल्टिस्ट्राडा १२०० या मोटरसायकलचं इंजिन सुमारे दीडशे अश्वशक्तीचं. एवढ्या ताकदीला आवर घालायला पुढच्या चाकावर ३२० मिलिमीटर व्यासाच्या दोन डिस्क आणि प्रत्येकीवर चार दट्ट्यांचा कॅलिपर. मागे २४५ मिलिमीटरची एकच डिस्क आणि दोन दट्ट्यांचा कॅलिपर. पुढच्या ब्रेकचं कौतुक झालं, मागचा मात्र कमजोर म्हणूनच गाजला. पेडल पार खाली दाबलं तरी गाडी म्हणावी तशी रोखली जात नाही, ही मल्टिस्ट्राडाच्या मालकांची जुनी तक्रार आहे.

या कमजोरीतला काही भाग आखणीतच ठरलेला असतो आणि तो तसाच असायला हवा. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं. गाडी आणि चालक मिळून ३०० किलो धरू. या मोटरसायकलच्या दोन चाकांमधलं अंतर १५३० मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ६५ सेंटिमीटरवर मानू. गुरुत्वत्वरणाच्या आठ-दशांश इतक्या जोराने वेग कमी केला, तर सुमारे १०० किलोंचा भार मागच्या चाकावरून पुढच्यावर जातो. उभ्या गाडीत मागे दीडशे किलो असतील, तर आता जेमतेम पन्नास उरले. रस्त्याला धरून ठेवण्याची टायरची ताकद त्याच्यावरच्या भारावर अवलंबून असते. अशा वेळी मागचा ब्रेक जबरदस्त असता, तर चाक जाम होऊन घसरलं असतं. म्हणून अभियंते तो मुद्दाम सौम्य ठेवतात.

पण सौम्य आणि निकामी यांत फरक आहे. मागे माणूस बसलेला, पेट्या भरलेल्या आणि घाटातलं उतरतं वळण, किंवा खडीवरून सावकाश वळायचं आहे. इथे पुढचा ब्रेक जोरात धरणं धोक्याचं असतं, आणि सामानामुळे मागच्या चाकावर भारही भरपूर असतो. मागचा ब्रेक खरा लागतो तो अशा जागी. तिथे पेडल पोकळ लागलं, तर दोष आखणीवर ढकलून चालणार नाही. बहुतेक वेळा तो नळीतल्या हवेचा असतो.

ब्रेकची सगळी करामत पास्कलच्या नियमावर उभी आहे. बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून पायाची हालचाल वाया न जाता पॅडपर्यंत जाते. हवा मात्र ब्रेक ऑइलपेक्षा हजारो पटींनी जास्त दबते. पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ११ मिलिमीटर व्यासाचा असेल, तर त्याचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरहून किंचित कमी भरतं. आता नळीत अर्धा घन सेंटिमीटर हवा अडकली आहे असं समजा. वातावरणाच्या वीसपट दाब दिला की हा बुडबुडा आक्रसून जवळजवळ नाहीसा होतो, पण तो दाबण्यातच दट्ट्याची सुमारे पाच मिलिमीटर चाल संपते. दट्ट्याची एकूण चालच इतकी थोडी असते की पॅड आवळायला फारसं काही उरत नाही. पेडल एकापाठोपाठ एक चटचट दाबल्यावर ते आधीपेक्षा कडक लागू लागलं, तर आत हवा आहे असं समजायला हरकत नाही.

मल्टिस्ट्राडात ही हवा काढणं अवघड का, याचं उत्तर कॅलिपर कुठे बसवला आहे त्यात आहे. तो आसाच्या खाली लटकतो आणि हवा सोडायचं निपल त्याच्या सर्वांत उंच टोकाला येत नाही. बुडबुडे वर चढून कॅलिपरच्या कोपऱ्यात किंवा नळीच्या बाकात बसतात. मेकॅनिक निपल उघडून कितीही तेल बाहेर काढो, ते आपल्या जागी राहतात. इंजेक्शन देण्याआधी नर्स सिरिंजची सुई वर करून हवा काढते, तीच युक्ती इथे लागू पडते. कॅलिपरचे बोल्ट काढायचे, नळीला ताण न देता तो मास्टर सिलिंडरच्या वर धरायचा आणि निपल आकाशाकडे करायचं. पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी हवीच, नाहीतर पेडल दाबताच दट्टे बाहेर निसटतील. मग एकाने पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचं आणि पेडल सुटायच्या आत बंद करायचं. मास्टर सिलिंडरपाशीच नळीचा एक उंचवटा असतो. तिथल्या पोकळ बोल्टच्या जागी निपल असलेला बोल्ट बसवला, तर तिथली हवाही निघते. एबीएसच्या पंपात हवा शिरली असेल, तर मात्र निदान-यंत्र जोडून तो पंप फिरवावा लागतो. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

एवढ्याने बहुतेक गाड्यांचा ब्रेक सुधारतो. नाही सुधारला, तर पॅड काढून बघावेत. कमी वापरामुळे ते चकचकीत, गुळगुळीत झालेले असतात. पृष्ठभाग घासून किंवा सरळ नवे बसवून फरक पडतो. मास्टर सिलिंडर बदलण्याचा उपायही केला जातो. १३ मिलिमीटरच्या दट्ट्याऐवजी ११ मिलिमीटरचा घेतला, तर तेवढ्याच पायाच्या जोरात जवळपास चाळीस टक्के जास्त दाब मिळतो, पण पेडलही तितकंच जास्त खाली जातं. आत हवा असताना हा बदल केला, तर चाल आणखी अपुरी पडते. म्हणून हवा काढण्याआधी सुटे भाग विकत घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. डुकाटीने स्वतः २०१५ च्या मल्टिस्ट्राडात मागची डिस्क २६५ मिलिमीटरची केली. त्याने ब्रेकचा जोर फक्त आठ टक्क्यांच्या आसपास वाढतो.

तेलाकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. डॉट ४ तेल हवेतली वाफ शोषतं. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पुरेसं पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. लांबलचक उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला, तर कॅलिपर तापून आतल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पुन्हा पोकळ होतं. मल्टिस्ट्राडाचे ब्रेक बनवणाऱ्या ब्रेम्बोचा एक कारखाना पुण्यात आहे, आणि त्याच कंपनीचे बायब्रे ब्रेक चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ड्यूकवर बसतात. त्यांच्यातलंही तेल असंच पाणी पितं, कोकणातल्या पावसाळी हवेत तर अधिकच. दर दोन वर्षांनी ते बदलावं. बदलताना टाकीच्या रंगावर एक थेंबही पडू देऊ नये, कारण हे तेल रंग खातं. पडलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावा.