डोळे मिटा आणि बोट ठेवा

आषाढात लोणावळ्याहून पवना धरणाच्या बाजूला निघालं, की औंढ्याच्या खाचरांत भाताची लावणी चाललेली दिसते. पाय दिवसभर चिखलात, अंगावर ओले कपडे. या दिवसांत मावळात कातडीला काही ना काही उठतंच. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, जांघेत नायटा येतो. कातडी सगळ्यांनाच दिसते, त्यामुळे तिच्या रोगाचं निदानही सगळेच करून टाकतात: शेजारीण, किराणावाला, औषधांच्या दुकानातला पोरगा. पण एकसारखे दिसणारे दोन डाग पूर्ण वेगळ्या रोगांचे असू शकतात. त्यांतला फरक कळायला हात लावावा लागतो, विचारावं लागतं, कधी खरवडून काचपट्टीवर घ्यावं लागतं.

पांढऱ्या डागाचंच घ्या. कोड म्हणजेच कुष्ठरोग, ही समजूत अजून किती घरांत लग्नं मोडते! कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणण्याच्या जुन्या सवयीने हा गोंधळ पक्का केला. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात, डाग दुधासारखा पांढरा पडतो, पण तिथली संवेदना शाबूत असते. कोड कुणाला लागत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने होतं, यालाही आधार नाही.

कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, आणि त्याची खरी खूण रंगात नसून बधिरपणात आहे. तपासणारी व्यक्ती कापसाची बारीक वात करते, उघड्या डोळ्यांसमोर एकदा लावून दाखवते आणि सांगते, ‘आता डोळे मिटा, लागेल तिथं बोट ठेवा.’ धडधाकट त्वचेवर बोट अचूक पडतं. वात चट्ट्यावर टेकली, की बोट हलतच नाही. मग कोपरामागची नस चाचपतात, ती जाड झाली आहे का ते पाहतात. डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत कुष्ठरोगाचा जंतू शोधला, पण प्रयोगशाळेच्या बशीत तो आजवर कुणालाही वाढवता आलेला नाही. म्हणून आजही निदानाची मोठी भिस्त या कापसावर आणि बोटांवर आहे.

चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस निवांत राहतो, आणि नेमकं तेच घातक आहे. चुलीवरचं गरम भांडं उचलताना चटका कळला नाही, तर नसेला इजा होऊन गेलेली असते. बहुऔषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो, आणि रोग पूर्ण बरा होतो. शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव जणांच्या शरीरात या जंतूला रोखण्याची ताकद मुळातच असते. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होतं. लाज वाटावी अशीच ही गोष्ट आहे.

नागिणीचं भय निराळं. कमरेभोवती तिचा वेढा पूर्ण झाला की माणूस जातो, असं म्हणतात. ही नागीण म्हणजे लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबा धरून राहतो आणि पुढे त्याच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर उमटतो. म्हणून पुरळ जवळपास नेहमी शरीराच्या एकाच बाजूला येतं आणि मध्यरेषेशी थांबतं. गेरूचा लेप लावण्यात दोन-तीन दिवस घालवले, की विषाणूविरोधी गोळ्यांचा मोक्याचा वेळ निघून जातो. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत त्या सुरू केलेल्या बऱ्या.

नायट्याच्या बाबतीत फसवणूक ट्यूब करते. स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते. नायट्याची ओळखीची गोल कडा पुसट होते आणि डॉक्टरही चकतात. खरं तर कडेचं थोडं खरवडून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी एक बुरशी भारतातून जगभर पोचली आहे. २०२० मध्ये तिचं नावच ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ ठेवलं गेलं.

आता एक दुर्मीळ रोग, जो अनवाणी राबणाऱ्यांना गाठतो. करवंदीचा काटा पायात मोडतो, विसरला जातो, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी पाऊल सुजू लागतं. ‘आत काटा राहिलाय, पिकतोय’ असं म्हणत लोक पोटीस बांधत राहतात. दुखत फारसं नाही, मात्र सुजेला भोकं पडतात आणि त्यांतून रव्यासारखे दाणे पडतात. मदुराईत १८४२ मध्ये याची नोंद झाली, म्हणून नाव पडलं ‘मदुरा फूट’. यामागे बुरशी असते हे १८६० च्या सुमारास मांडलं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी. ‘मायसेटोमा’ हे नाव त्यांचंच. ग्रेच्या जगप्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातली चित्रं याच कार्टरनी काढली होती. पुढे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं ते २०१६ मध्ये.

दाणे काळे असतील तर मुळाशी बुरशी असते, पिवळे किंवा लाल असतील तर बहुधा जीवाणू, आणि पांढरे असतील तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं. जीवाणूंवर प्रतिजैविकं चालतात. बुरशीवर मात्र महिनोन्‌महिने वेगळी औषधं आणि अनेकदा शस्त्रक्रियाही लागते. तेव्हा पायाची पट्टी सोडताना तिला चिकटलेले दाणे झटकून टाकू नयेत. ती पट्टी तशीच गुंडाळून डॉक्टरांकडे न्यावी.