रिक्वेस्ट स्वीकारली म्हणून मोबाईल हॅक होत नाही

“रिक्वेस्ट घेतली की पुरा मोबाईलच हॅक होते म्हन्तात, बँकेतले पैसेबी जातात.” यवतमाळात, पुसदला, वणीला, घाटंजीच्या एखाद्या मोबाईल दुकानात हे वाक्य इतक्या खात्रीने बोललं जातं की ऐकणारा शंकाच घेत नाही. घरी पोरगा बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स खेळताना दिसला, पडद्यावर कोणाची तरी फ्रेंड रिक्वेस्ट आली, की वडील फोन ओढून घेतात आणि गेम काढून टाकतात. पोराचा जिवलग मित्र अकरावीला अमरावतीला गेलेला असतो, मामेभाऊ उमरखेडला असतो, आणि संध्याकाळची तासभर गाठ त्या गेममध्येच पडत असते. ती तुटते. ज्या वाटेने पैसे खरोखर जातात ती मात्र उघडीच राहते. या समजुतीचा मला राग येतो तो म्हणूनच.

रिक्वेस्ट स्वीकारल्यावर नेमकं काय होतं ते आधी पाहू. प्रत्येक खेळाडूला गेमकडून एक लांबलचक आकडा मिळतो, त्याला पोरं यूआयडी किंवा नुसतं ‘आयडी’ म्हणतात. तो शोधात टाकला की खेळाडूचं टोपणनाव, लेव्हल, रँक दिसते. समोरच्याने रिक्वेस्ट मान्य केली की दोघं एकमेकांच्या यादीत येतात. कोण ऑनलाइन आहे ते कळतं, संदेश पाठवता येतो, आपल्या स्क्वॉडमध्ये, म्हणजे चमूत, बोलावता येतं. एवढंच. ही सगळी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर होते. एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये शिरायची वाट त्यातून तयार होत नाही.

यूआयडी हा गुप्त आकडा नाहीच. सामना संपल्यावर अनोळखी खेळाडूलाही तुमचं प्रोफाइल उघडून तो पाहता येतो. फ्री फायरचे डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, अधिकृत टॉप-अपच्या पानावरून घेताना खेळाडूची ओळख म्हणून तोच आकडा टाकतात. गेमचा पासवर्ड तिथे लागत नाही. गट नंबर माहीत असला की महाभूलेखवर कोणाचाही सातबारा पाहता येतो, पण म्हणून शेत पाहणाऱ्याच्या नावावर चढत नाही. यूआयडीचंही तसंच.

“पण तो आपले फोटो पाहत असेल, नंबर चोरत असेल,” हा पुढचा प्रश्न. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अॅप आपापल्या कप्प्यात चालतं आणि एकाला दुसऱ्याच्या कप्प्यातलं वाचता येत नाही. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून तर संपर्क, माईक, कॅमेरा, लोकेशन वापरायचं असेल तर अॅपला त्या त्या वेळी तुमची परवानगी मागावी लागते. शंका असेल तर आत्ताच तपासा. सेटिंग उघडा, अॅप्समध्ये जा, गेमच्या नावावर बोट ठेवा आणि ‘परवानग्या’ पाहा. संपर्क आणि लोकेशन चालू दिसले तर बंद करा, त्यावाचून सामना अडत नाही. माईक फक्त बोलण्यापुरता हवा. आणि हेही लक्षात घ्या की या परवानग्या गेमला दिलेल्या असतात. माईक चालू ठेवला तर आवाज तेवढा स्क्वॉडला ऐकू जातो, बाकी गेममधल्या मित्राच्या हाती त्यातलं काहीच जात नाही.

पैशांचं म्हणाल, तर यूपीआय तुमच्या सिमशी आणि तुमच्या फोनशी बांधलेलं असतं, आणि पैसे पाठवायला वर सहसा पिन लागतो. गेममध्ये रिक्वेस्ट पाठवणाऱ्याजवळ यातलं एकही नसतं.

मग पैसे गेलेच कसे? कारण जातात, हे खरं आहे. असे प्रकार बहुतेक चार साच्यांतले असतात. यादीत आलेला ‘दादा’ चार-सहा सामने चांगला खेळतो, पोराला वाचवतो, बंदुकीची स्किन देतो म्हणतो. मग गप्पा गेममधून व्हॉट्सअॅपवर सरकतात. तिथे एक लिंक येते, फुकट डायमंडची. उघडली की फेसबुक किंवा गूगलच्या लॉगिनसारखं हुबेहूब पान दिसतं, आणि पोरगा त्यावर आईच्या खात्याचा पासवर्ड टाकतो. किंवा निरोप येतो, “तुझ्या फोनवर आकडा येईल, तेवढा सांग.” तो ओटीपी असतो. तिसरा प्रकार एपीकेचा, म्हणजे अॅप बसवायच्या फाइलचा. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, तेव्हापासून ‘जुना फ्री फायर’ किंवा ‘अनलिमिटेड डायमंडवाला’ म्हणून एपीके हातोहात फिरतात. प्ले स्टोअरबाहेरून घेतलेली अशी फाइल अॅक्सेसिबिलिटीची आणि मेसेज वाचण्याची परवानगी मागते, पोरगा ती देतो, आणि मग फोन खरोखरच परक्याच्या ताब्यात जातो. जुना आयडी आणि मित्रांची यादी गमावू नये म्हणून हे केलं, असं पोरं सांगतात. त्याची काही गरज नव्हती. फ्री फायर आणि चालू असलेल्या फ्री फायर मॅक्सचं खातं एकच चालतं, यादीही तीच राहते.

चौथा प्रकार सगळ्यात साधा, आणि त्यात तिऱ्हाईत कोणी नसतोच. प्ले स्टोअरला वडिलांचं कार्ड जोडलेलं असतं, खरेदीच्या वेळी पासवर्ड विचारण्याची सोय बंद असते, आणि पोरगा स्वतःच डायमंड घेतो. माराच्या भीतीने तो “हॅक झाला” म्हणतो, घरचे ते मानतात, आणि गावात आणखी एक दाखला पसरतो.

या चारही प्रकारांत कुलूप उघडलं ते पासवर्डने, ओटीपीने, परवानगीने किंवा कार्डने. रिक्वेस्टने नाही. हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण चुकीच्या भीतीचा परिणाम उलटा होतो. रिक्वेस्ट घेतली म्हणून ज्याला मार बसला, तो पोरगा पुढे कोणी घाणेरडा मेसेज केला तरी घरी सांगत नाही.

आणि तसे मेसेज येतात. धोका तंत्राचा नसून माणसाचा आहे, आणि तो हलका नाही. टोपणनावात गावाचं, शाळेचं नाव आणि जन्मसाल असेल तर अनोळखी माणसाला पोराचं वय आणि ठिकाण आयतं मिळतं. ते आधी बदलून घ्या. माईक चालू असला की घरातली बोलणी स्क्वॉडमधल्या परक्यालाही ऐकू जातात. यादीतला कोणी फोटो मागू लागला, व्हॉट्सअॅप नंबर मागू लागला, “घरी सांगू नको” म्हणाला, की त्याला तिथेच ब्लॉक करा. लैंगिक हेतूने मुलाशी डिजिटल माध्यमातून वारंवार संपर्क साधणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. अशा वेळी घाबरून गेम पुसू नका. टोपणनाव बदलता येतं, यूआयडी तसाच राहतो, म्हणून यूआयडी दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, चॅटचेही घ्या आणि पोलिसांकडे जा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवली तरच परत मिळण्याची आशा असते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच.

बाकीचे समज थोडक्यात निपटता येतील.

फेसबुकने लॉगिन केलं की सगळी मित्रयादी गेमला मिळते, असं नाही. २०१५ पासून अॅपला फक्त तेच मित्र दिसतात ज्यांनी स्वतः त्याच अॅपला फेसबुकवरून परवानगी दिली आहे. पण पोरगा आत्याच्या खात्यावरून खेळत असेल तर यादीत आत्याचे तसे मित्र येतील, हे ध्यानात ठेवा.

दुबईतल्या चुलतभावाला बीजीएमआयमध्ये शोधून तो सापडत नाही, यात फोनचा दोष नाही. पब्जी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली आणि २ जुलै २०२१ ला आलेला बीजीएमआय हा भारतापुरता वेगळा गेम आहे. तो भाऊ जगभरची पब्जी खेळत असेल तर तुमची गाठ पडणार नाही.

दूरच्या मित्राला घेतलं की गेम अडकतो, हेही चूक. दोघं एकाच कट्ट्यावर बसले असले तरी त्यांचे फोन एकमेकांशी बोलत नाहीत, दोन्ही सर्व्हरशी बोलतात. सर्व्हर मुंबईत धरला तर यवतमाळहून सातशे किलोमीटर जाऊन परत यायला फायबरमधल्या प्रकाशाला सात मिलिसेकंद पुरतात. पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, लाल होते ती बहुतेक टॉवरवरच्या गर्दीमुळे किंवा कमकुवत रेंजमुळे.

सरकारने सगळे ऑनलाइन गेम बंद केले, असं २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर बरेच जण सांगतात. बंदी पैसे लावून खेळण्यावर आहे. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे गेम चालू आहेत. नवी मुंबईतल्या कंपनीने बनवलेल्या लुडो किंगमध्ये रूमचा कोड पाठवून नागपूरच्या मावशीसोबत डाव मांडायला कसलीच आडकाठी नाही.

आणि मित्रांची यादी फोनमध्ये असते हा समज सर्वात महाग पडतो. ती खात्यावर असते. गेस्ट आयडीवर, म्हणजे कोणतंही खातं न जोडता, खेळणाऱ्याने फोन बदलला किंवा फॉरमॅट केला की लेव्हल, डायमंड, मित्र सगळं जातं. फोन दुरुस्तीला टाकण्याआधी खातं गूगलशी जोडून घ्या, पण पोराच्या स्वतःच्या आणि तुमच्या देखरेखीखालच्या गूगल खात्याशी. बँकेचे मेल ज्यावर येतात त्याच्याशी नको.