‘माजी सैनिक’ या संज्ञेची कक्षा

वर्धा जिल्ह्यातील पुलगावजवळ लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे लागलेल्या भीषण आगीत दोन लष्करी अधिकारी आणि अनेक अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी वृत्तपत्रे सर्वांसाठी एकच शब्द वापरतात : ‘शहीद’. लोकभावना मृतांत भेद करीत नाही. प्रशासन मात्र व्याख्येवर चालते, आणि संरक्षण मंत्रालयाच्या परिभाषेत ‘शहीद’ ही संज्ञाच नाही. स्मरण कोणाचे व साहाय्य कोणाला, हे ठरविणारे शब्द वेगळे आहेत. त्यांपैकी ‘माजी सैनिक’ या संज्ञेचा येथे विचार करू.

माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय पातळीवरील दोन संस्था तुम्हांला ठाऊक असाव्यात. पहिली, फील्ड मार्शल करिअप्पा यांच्या पुढाकाराने १९६४ मध्ये स्थापन झालेली ‘इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग’. ही माजी सैनिकांची स्वतःची संघटना होय. दुसरी, ‘केंद्रीय सैनिक मंडळ’ ही शासकीय यंत्रणा. संरक्षणमंत्री तिचे अध्यक्ष असतात. संघटना मागणी करते, मंडळ मंजुरी देते, असे ढोबळमानाने म्हणता येईल. मंडळाचे काम सामान्य माणसाला दिसते ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या वृद्ध सैनिकाचे अनुदान, मुलांची शिष्यवृत्ती, वीरपत्नीचा अडकलेला अर्ज, अशी ही कामे असतात. दरवर्षी ७ डिसेंबरला, ध्वजदिनी, तुमच्या महाविद्यालयात जमा होणारा निधी याच कामी येतो. स्मरण आणि साहाय्य या दिवशी एकत्र येतात. छातीवर लावलेला छोटा ध्वज हे स्मरण, डब्यात टाकलेले पैसे हे साहाय्य.

आता व्याख्या पाहा. भूदल, नौदल किंवा वायुदल यांत नियमित सेवा करून निवृत्तिवेतनासह, वैद्यकीय कारणाने किंवा आस्थापना कमी झाल्यामुळे मुक्त झालेली व्यक्ती सामान्यतः ‘माजी सैनिक’ ठरते. म्हणजे येथे केवळ जोखीम पुरत नाही. सेवेचा प्रकारही पाहिला जातो.

पुलगावसारख्या ठिकाणी ही रेषा फार जवळून दिसते. भांडारांच्या पहाऱ्यासाठी १९४७ मध्ये उभारलेल्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये प्रामुख्याने माजी सैनिकच पुन्हा भरती होतात. त्याच आवारात आग विझविणारा कर्मचारी मात्र संरक्षण खात्याचा नागरी सेवक असतो. कर्तव्यावर मृत्यू आल्यास त्याच्या कुटुंबाला नागरी सेवेच्या नियमांनुसार निवृत्तिवेतन, अनुग्रह रक्कम व अनुकंपा नियुक्ती यांचा आधार घ्यावा लागतो. त्याला निराधार म्हणता येणार नाही. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दरवाजा त्याच्या नावाने उघडत नाही.

याही पलीकडे कंत्राटी मजूर आहेत. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जणांचा बळी गेला. त्यांत आसपासच्या गावांतील मजूर होते. त्यांचे साहित्य तेच, धोका तोच. अशा मजुरांच्या कुटुंबांना मात्र कामगार भरपाईच्या कायद्याकडे वळावे लागते, आणि तेथे त्यांची संज्ञा असते : ‘अवलंबित’.