आष्टीची नागपंचमी

बेचाळीसच्या चळवळीचे नाव निघाले, की पुण्या-मुंबईच्या वाचकाला गवालिया टँक आठवतो, साताऱ्याचे पत्री सरकार आठवते. आम्हा वर्धेकरांना मात्र आष्टी आठवते. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अमरावतीच्या सरहद्दीलगत हे गाव आहे. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या तळेगावाहून आत वळले, की तिथे पोचता येते. आज लोक त्याला 'शहीद आष्टी' म्हणतात.

'भारत छोडो'ची पहिली अक्षरे वर्ध्यातच उमटली. काँग्रेस कार्यकारिणीचा ठराव इथे १४ जुलै १९४२ रोजी झाला आणि ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झाले. दुसऱ्याच दिवशी पहाटे गांधीजींसह सारे पुढारी गजाआड गेले. १५ ऑगस्टला आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाईंचे निधन झाले. पुढाऱ्यांवाचून राहिलेल्या गावोगावच्या माणसांनी मग जे सुचेल, जे जमेल ते केले.

१६ ऑगस्टला रविवार होता आणि नागपंचमी होती. या दिवशी आमच्याकडे नांगर चालत नाही, विळीवर काही चिरत नाहीत, चुलीवर तवा चढत नाही. न जाणो, एखाद्या जिवाला इजा होईल! शेतीची कामे थांबलेली, माणसे मोकळी. झेंडा लावण्यासाठी लोकांचा जमाव पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबार झाला आणि सहा जण ठार झाले. त्यांत डॉ. गोविंद मालपे होते, पंची गोंड होते, रशीद खाँ होते. ही नावे नुसती एका ओळीत वाचून पाहा. गाव म्हणजे काय असते, ते व्याख्यानावाचून कळते.

पण गोष्ट इथे संपत नाही. खवळलेल्या जमावाने ठाण्यावर हल्ला चढवला. त्यात फौजदार रामनाथ मिश्रा आणि चार शिपाई मारले गेले. तेही याच देशातले, पगारासाठी खाकी चढवलेले. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत असेलच. इथे येऊन माझी लेखणी दर वेळी अडखळते. सेवाग्रामचा आश्रम याच जिल्ह्यातला. पण तिथला म्हातारा त्या दिवशी तुरुंगात होता. तो बाहेर असता तर हे टळले असते काय, हा प्रश्न मला सुटत नाही. ज्यांनी गोळ्या झेलल्या, त्यांना तो घरबसल्या विचारणे मात्र मला शोभत नाही.

त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातील चिमूरलाही असाच उठाव झाला. तिथे नंतर आलेल्या लष्कराने व पोलिसांनी स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी आश्रमातील प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. ते १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. त्यांच्या उपोषणाची बातमी छापण्यावर सरकारने बंदी घातली, तेव्हा निषेध म्हणून ६ जानेवारीला देशातील अनेक वृत्तपत्रांनी आपला अंकच काढला नाही. एका फकिरी वृत्तीच्या माणसाच्या उपाशी पोटाने साम्राज्याला किती धास्ती घातली होती, हे त्यावरून दिसते.

इकडे खटले उभे राहिले. आष्टी-चिमूरच्या कितीतरी जणांना फाशीच्या आणि जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. पुढची लढाई दोरावरून माणसे सोडवण्याची होती. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. सुटून आलेल्या गांधीजींनीही १९४५ साली फाशीच्या कैद्यांसाठी आवाज उठवला. मारण्याचा मार्ग त्यांना कधीच मान्य नव्हता, तरीही. अखेर त्याच वर्षी उरलेल्या सात जणांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली.

मला या साऱ्या कथेत हे सर्वांत मोलाचे वाटते. कृत्याशी मतभेद असला, म्हणून माणूस परका होत नाही. आपल्याच माणसाची चूक दिसत असताना त्याच्या प्राणासाठी झगडायचे, हे मिरवणुकीत घोषणा देण्याहून पुष्कळ अवघड आहे.

दर वर्षी १६ ऑगस्टला आष्टीत हुतात्म्यांना वंदन होते. आपल्या मुलांना घेऊन एकदा तिथे अवश्य जावे. सहा जणांची नावे त्यांना वाचून दाखवावीत आणि उरलेल्या पाच जणांचीही गोष्ट सांगावी. स्वातंत्र्याची खरी किंमत दोन्ही मिळूनच होते.