विटेवरचे आसन

योगासने म्हटली की आपल्याकडे बहुतेकजण हात वर करतात. कंबर धरलेली, गुडघे कुरकुरणारे, दिवसभर उभे राहून पाय सुजलेले. "ते लवचिक माणसांचं काम, आपलं नव्हे." पण पुण्यात राहून जगभर योग पोचवणारे बी. के. एस. अय्यंगार स्वतः लहानपणी पार खंगलेले होते.

त्यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ रोजी कर्नाटकातील बेल्लूर गावी झाला. तेव्हा इन्फ्लुएन्झाची साथ होती आणि आईही तापाने आजारी होती. पुढे मुलाला मलेरिया, विषमज्वर, क्षय असे एकामागून एक आजार झाले. नऊ वर्षांचे असताना वडील वारले. १९३४ मध्ये मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांनी त्यांना म्हैसूरला नेले आणि आसने शिकवली. शिस्त भारी कडक. एकदा लोकांसमोर, पूर्वी न केलेले हनुमानासन करायला लावले. त्यात पाय पुढे-मागे सरळ पसरून जमिनीवर बसायचे असते. मांडीमागचे स्नायू फाटले आणि बराच काळ नीट चालता येईना, असे त्यांनीच सांगितले आहे.

१९३७ साली ते पुण्यात शिकवायला आले. मराठी येत नव्हते, पैशाची चणचण होती, कधी पोटभर जेवणही नसे. आपल्या दुखऱ्या शरीरावरच त्यांनी एकेक आसन पुन्हापुन्हा तपासले. १९७९ मध्ये स्कूटरचा अपघात झाला, तेव्हा साठी उलटलेल्या या माणसाने परत पहिल्यापासून सुरुवात केली. शिकवताना ते रागीट होते, ओरडत, प्रसंगी चापटही मारत. तो भाग कोणी उचलू नये असे मला वाटते. उचलण्यासारखी आहे त्यांची वीट.

त्रिकोणासन घ्या. पाय फाकवून बाजूला वाकायचे आणि हात खाली न्यायचा. शरीर आखडलेले असले की हात जमिनीला लावण्याच्या नादात गुडघा वाकतो, छाती पुढे पडते आणि ताण नको तिथे, कमरेवर येतो. हाताखाली वीट उभी ठेवली की जणू जमीनच वर येते. पाठीचा कणा लांब राहतो, श्वास मोकळा चालतो. अशाच कामासाठी त्यांनी भिंत, खुर्ची, दोर, पट्टा, घडी घातलेले कांबळे वापरात आणले. पुण्यात १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत हे सगळे आजही वापरतात.

भिंत आणि खुर्ची तर आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतही असते. पलंगाखाली लावतो तसली वीट फडक्यात गुंडाळली तरी चालते. धुणीभांडी करून आलेल्या ताईंनी भिंतीसमोर उभे राहून तळवे कमरेच्या उंचीवर भिंतीला टेकवावेत आणि पाऊल-पाऊल मागे सरकत पाठ आडवी होऊ द्यावी. मांडीमागे ओढ फार वाटली तर गुडघे थोडे वाकवा, हात वर सरकवा. चारपाच श्वास थांबून पावले पुढे टाकत उभे राहा. पाय अनवाणी, फरशी कोरडी. खाली चटई नको, ती सरकते. पाय भरून आले असतील तर जमिनीवर पाठ टेकून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा आणि पाचदहा मिनिटे पडा. प्लास्टिकची खुर्ची असेल तर तिची पाठ भिंतीला लावून ठेवा.

उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचे दुखणे असणाऱ्यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. गरोदर बाईने आधी डॉक्टरांना विचारावे. कमरेतून पायात कळ जात असेल, पाय बधिर होत असेल, तर आधी दवाखाना. बीपी-शुगरच्या गोळ्या आसनांच्या भरवशावर बंद करू नयेत. आणि वर्गात कोणी पाठीवर दाब देऊन वाकवू लागला, तर "दुखतंय, थांबा" असे तिथल्या तिथे सांगा. तरी थांबला नाही तर सरळ घरी या.